एल्डन क्रेबिल यांच्या रहिवासाचा पुरावा

कॉलेजचे पत्रक आले ते डोरीनच्या नावाने. डोरीनला जाऊन चौदा महिने लोटले होते; पण टपालखात्याला आणि कॉलेजच्या यादीला त्याची वार्ता नव्हती, आणि तिचे यजमान एल्डन क्रेबिल यांनी ती त्यांच्या कानी घातलीही नव्हती. पत्रकावर ठसठशीत निळ्या अक्षरांत प्रश्न होता : "डोरीन, नव्या सुरुवातीची वेळ झाली ना?" क्रेबिलांनी तो प्रश्न दारात उभे राहून वाचला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पुन्हा वाचला, आणि दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नात नाक खुपसणे शिष्टसंमत नाही हे ठाऊक असूनही आतले पान उलटले.

आत असे म्हटले होते की, पिकरेल काउंटी कम्युनिटी कॉलेजातून संगणकशास्त्राची दोन वर्षांची पदवी घेणारा मनुष्य ती न घेणाऱ्यापेक्षा वर्षाला सतरा हजार डॉलर अधिक मिळवतो.

असले विधान कोणी करावे आणि क्रेबिलांनी ते तपासल्यावाचून सोडावे, असे आजवर घडले नव्हते. ओहायोतल्या त्या काउंटीत एकतीस वर्षे त्यांनी वजनेमापे निरीक्षक म्हणून सेवा केली होती. खाटकाचा काटा असो की पेट्रोलपंपाचा गॅलन, त्यावर क्रेबिलांची हिरवी चिकटपट्टी लागल्याखेरीज त्याला कायद्याच्या राज्यात अस्तित्व नसे. पुढे त्यांची कचेरी शेजारच्या काउंटीत विलीन झाली, काट्यांच्या नोंदी परस्पर पडद्यावर उमटू लागल्या, आणि सत्तावन्नाव्या वर्षी क्रेबिलांना निरोपाचा केक मिळाला. केक खोक्यावर छापलेल्या वजनापेक्षा दीड औंस कमी भरला. समारंभाचा मान राखून त्यांनी ही गोष्ट फक्त दोघांना सांगितली.

तेव्हा त्यांनी एक पिवळा कागद घेऊन त्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे खर्च मांडला : काउंटीच्या रहिवाशाला बासष्ट श्रेयांकांचे शुल्क नऊ हजार एकशे शहात्तर डॉलर, शिवाय पुस्तके, आणि कॉलेजच्या आवारात मोटार उभी करण्याचा परवाना, जो केवळ मोटार उभी राहते म्हणून इतका महाग का असावा हे कळण्याजोगे नव्हते. उजवीकडे लाभ मांडायचा. पण पदवी हाती येईल तेव्हा वय एकसष्ट. आणि एकसष्ट वर्षांच्या नवशिक्याला नोकरी मिळण्याचा संभव क्रेबिलांनी विसात एक असा धरला, तोही कॉलेजबद्दल सद्भावना म्हणून. बेरीज झाली. पदवी तोट्यात निघाली. त्यांनी तीन वेळा बेरीज केली. पदवी तिन्ही वेळा तोट्यात निघाली.

वास्तविक प्रकरण इथे मिटावयाचे. काटा बोलला की माणसाने गप्प बसावे, हे तत्त्व त्यांनी शेकडो खाटकांना सुनावले होते. परंतु या खेपेस ते आपल्याच बेरजेत चूक शोधू लागले, आणि ती सापडेना तसतसे खिन्न होत गेले.

याचे कारण असे की, मधल्या काळात ते कॉलेजच्या माहितीसभेला जाऊन आले होते. अर्थात पत्रकातल्या आकड्यावर आक्षेप नोंदवण्यासाठीच! तिथे एकोणीस माणसे होती आणि अंगावर काटा आणणारी कॉफी होती. सभेला आलेल्या एका परिचारिकेने त्यांचा आक्षेप ऐकून घेतला आणि म्हटले, "तुम्ही साफ चुकताय." मग ती पाव तास त्यांच्याशी तावातावाने भांडली. क्रेबिलांशी कोणी भांडले त्यालाही चौदा महिने होऊन गेले होते. डोरीन रोज भांडत असे. घरी परतताना मोटारीत कोणीतरी शीळ घालते आहे असे त्यांना जाणवले, आणि ते आपणच आहोत असे पाहून त्यांनी ती थांबवली.

दुसऱ्याच दिवशी ते प्रवेशकचेरीत गेले. खिडकीमागे मिसेस प्रुइट नावाच्या बाई होत्या. त्यांचा चष्मा साखळीला टांगलेला होता आणि सहनशक्तीही तशाच कशाला तरी टांगलेली असावी.

"रहिवासाचा पुरावा आणलाय का?" त्यांनी विचारले.

"मी एकतीस वर्षं सिकॅमोर स्ट्रीटवर राहतोय."

"छानच झालं. पण कागद?"

क्रेबिलांनी वाहन चालवण्याचा परवाना पुढे सारला.

"हा तीन वर्षांपूर्वीचा हो. तेव्हा राहत होतात ते कळलं. आता राहता कशावरून? गेल्या साठ दिवसांतलं काहीतरी लागतं. विजेचं बिल, पाण्याचं, घरपट्टी. काहीही चालेल."

काहीही चालले असते, पण काहीच नव्हते. वीज डोरीनच्या नावे होती आणि पाणीही डोरीनच्याच नावे होते. घर मुळात डोरीनच्या आईचे, म्हणून घरपट्टी डोरीनच्या नावे. बँकेचे विवरण डोरीनच्या ई-मेलवर जाई आणि त्याचा पासवर्ड डोरीनने बरोबर नेला होता. जगाची मापे तपासणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या घराचा एकही कागद कधी आपल्या नावे करून घेतला नव्हता.

मिसेस प्रुइट यांनी चष्मा खाली सोडला. "कागदांच्या हिशेबानं त्या घरात डोरीन राहतात. तुम्ही नाही."

"डोरीन वारली."

"अरेरे. वाईट झालं." त्यांनी परवाना परत सारला. "मग सोपं आहे की. वीज कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवा, एक फोन करा. दहा मिनिटांत बिलावर तुमचं नाव लागेल. माझी आई गेली तेव्हा मी तेच केलं."

"ते नियमात बसत नाही," क्रेबिल म्हणाले.

असा कोणताही नियम नव्हता. एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर त्यांनी रचलेला हा पहिला खोटा नियम. पण ते बिल दर महिन्याच्या नऊ तारखेला येई, पाकिटाच्या छोट्या खिडकीतून 'डोरीन क्रेबिल' ही अक्षरे दिसत, आणि निदान वीज कंपनीच्या लेखी ती अजून सायंकाळी दिवे लावत असे.

"नसेल बसत तर काउंटीबाहेरची फी भरा. वीस हजार पाचशे बावीस. नाहीतर दोन शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र आणा, नोटरीसमोर सही केलेलं, की हा माणूस इथे राहतो. सोमवारी पाचपर्यंत. पाचनंतर यादी बंद, मग जानेवारीत या." आणि क्रेबिलांचा चेहरा पाहून त्यांनी विचारले, "शेजारी आहेत ना?"

शेजारी होते. अडचण शेजाऱ्यांची नव्हती, भांड्यांची होती.

सिकॅमोर स्ट्रीटवर कोणाच्या घरी मृत्यू झाला की प्रत्येक घरून एक खोलगट भांडे येते. त्यात नूडल, चीज, मासे किंवा कोंबडी यांचा भट्टीत भाजलेला एक थर असतो, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर पाठवणारीचे नाव असते. दुःखी मनुष्याने अन्न खावे, भांडे धुवावे, आणि महिन्याच्या आत नाव पाहून पोचते करावे; शक्यतो रिकामे नाही. या व्यवहारात चूक व्हायला जागाच नाही, असे कोणालाही वाटेल. क्रेबिलांनी जागा काढली. नावाची पट्टी तशीच ठेवून धुतलेले भांडे हे त्यांच्या मते अर्धेच धुतलेले भांडे होते. त्यांनी पट्ट्या काढल्या, खालचा डिंक तारेच्या घासणीने घासून काढला, आणि काम संपले तेव्हा फडताळात अकरा लखलखीत, निर्दोष आणि निनावी भांडी ओळीने उभी होती.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ठरवले, विचारू. दुसऱ्या आठवड्यात विचारणे अवघड वाटले. तिसऱ्या महिन्यात अशक्य झाले. तेव्हापासून ते समोरच्या बर्निस ओडेलची मोटार दिसली की टपाल आणायला बाहेर पडत नसत, आणि शेजारचा विन्स टार्पली चर्चला गेला की गवत कापत. आपले भांडे दडपून बसलेला मनुष्य आपल्याकडे सही मागायला येतो, हे तर त्या रस्त्यावर कोणीच सहन केले नसते.

शनिवारी सकाळी क्रेबिलांनी शास्त्रीय पद्धत अवलंबिली. सेवेतला पितळी काटा माळ्यावरून काढून त्यांनी अकराही भांडी तोलली आणि वजनांची यादी केली. त्यांचा सिद्धांत असा : जड भांडे सढळ हाताच्या बाईचे. बर्निस ओडेल हाताने सढळ होती. सर्वांत जड भांडे, पाच पौंड अकरा औंस, घेऊन ते रस्ता ओलांडून गेले.

बर्निसने दार उघडले. "अगं बाई! एल्डन! आहेस का तू? मला वाटलं घर विकून फ्लोरिडाला गेलास."

"तुझं भांडं आणलंय, बर्निस."

तिने ते हातात घेतले, फिरवले आणि तिचा चेहरा फिरला. "हे? हे माझं? कानाचा टवका गेलेलं? अरे, हे फिलिसचं आहे! फिलिस मुद्दाम टवका गेलेलं देते, म्हणजे परत नाही आलं तरी जीव तुटत नाही."

"मी ऐकतेय हं, बर्निस," शेजारच्या ओसरीवरून फिलिसचा आवाज आला.

"ऐक की! आणि एल्डन, रिकामं? चौदा महिन्यांनी आणतोस, तेही दुसरीचं, तेही रिकामं? डोरीन असती तर..." इथे बर्निस थांबली. प्रतिज्ञापत्राचा विषय काढण्याची ही वेळ नव्हती, एवढे क्रेबिलांनाही कळले.

विन्स टार्पली कुंपणापलीकडून सगळे पाहत होता. आयुष्यभर टायरच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेल्या विन्सकडे सर्व प्रश्नांची उत्तरे असत आणि भरपूर वेळही असे. पदवीची हकीकत ऐकून त्याने मान हलवली.

"कॉम्प्युटर? ह्या वयात? अरे, माझा मेहुणा तेच शिकला. आता गोदामात खोकी उचलतो. कुठलं खोकं उचलायचं ते मात्र त्याला कॉम्प्युटर सांगतो, म्हणजे शिक्षण अगदीच वाया गेलं असं नाही. किती खर्च म्हणालास?"

क्रेबिलांनी आकडा सांगितला.

"एवढ्यात बोट येते, एल्डन. इंजिनासकट. बोटीला रहिवासाचा पुरावा लागत नाही." मग त्याला दया आली. "भांड्यांचं म्हणशील तर सोपं आहे. टेबल मांड इथे अंगणात, सगळी ठेव वर, पाटी लाव. ज्याचं त्यानं ओळखून न्यावं."

हा सल्ला निर्दोष होता. त्यात एवढेच राहून गेले की, शनिवारी सकाळी अंगणात टेबल मांडून त्यावर जुनी भांडी ठेवणे याचा त्या गावात एकच अर्थ होतो. दहा मिनिटांत रस्त्याच्या कडेला तीन मोटारी लागल्या.

"हे केवढ्याला?" एका अनोळखी बाईने विचारले.

"विकायला नाही."

"तीन डॉलर."

"बाई, हे विकायचंच नाहीये."

"बरं, चार. पण आता वर एक सेंट नाही हं."

"हे मालकाला परत करायचं आहे!"

"मालक किती म्हणतोय?"

विक्री म्हणजे काय याची व्याख्या तिला ऐकवावी, या हेतूने क्रेबिल आत जाऊन कायद्याचे पुस्तक शोधू लागले. ते घेऊन परतले तेव्हा विन्सने दोन भांडी सहा डॉलरना फुंकली होती, स्वतःच्या घरून व्यायामाचा धावपट्टा आणि मासे धरायचे चार गळ आणून मांडले होते, आणि एका गृहस्थाला तो धावपट्टा फारसा वापरलेला नाही हे पटवून देत होता, जे खरेच होते.

"माझं लाझान्याचं भांडं!" समोरून बर्निस धावत आली. "त्या ट्रकमध्ये चाललंय माझं भांडं! विन्स, मेल्या, पकड त्याला!"

तिच्या ओरडण्याने जे काम पाटीने झाले नव्हते ते झाले. अर्धा रस्ता क्रेबिलांच्या अंगणात लोटला. फिलिस आपले टवक्याचे भांडे छातीशी धरून बर्निसला जाब विचारू लागली. दोघींनी एकाच काचेच्या भांड्यावर हक्क सांगितला. क्रेबिलांनी वजनांची यादी वाचून दाखवली, त्यामुळे वाद अधिकच पेटला. याच वेळी नगरपालिकेची पांढरी गाडी येऊन थांबली आणि तीतून होलिस नावाचा अधिकारी उतरला.

"अंगणातल्या विक्रीचा परवाना?"

क्रेबिलांनी पुस्तक उघडले. "विक्री म्हणजे मूल्य घेऊन मालकी देणे. मी मूल्य घेतलेले नाही. आणि मालकी माझ्याकडे कधी नव्हतीच."

"मग ह्यांच्या हातात काय आहे?"

विन्सने हातातल्या सहा डॉलरकडे प्रथमच पाहिल्यासारखे पाहिले. "देणगी," तो म्हणाला.

"म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तू, त्याही परवान्याशिवाय. हे तर जास्तच झालं." होलिसने वही काढली. "हे घर कोणाचं? इथे राहतं कोण?"

क्रेबिलांनी तोंड उघडले. कागदांच्या हिशेबाने काय उत्तर द्यावे ते त्यांना सुचेना. पण त्यांना बोलावे लागलेच नाही.

"हाच राहतो!" फिलिस म्हणाली.

"एल्डन राहतो," विन्स म्हणाला, "रविवारी मी चर्चला गेलो की गवत कापतो, मला काय माहीत नाही?"

"एकतीस वर्षं राहतोय," बर्निस गरजली, "आणि चौदा महिने माझं भांडं दाबून राहतोय! लिहा, लिहा त्याचं नाव!"

होलिसने लिहिले. पंचेचाळीस डॉलर दंडाची ती पावती क्रेबिलांनी हाती घेतली आणि सवयीने चुका शोधण्यासाठी वाचली. वर नगरपालिकेची मुद्रा होती. खाली त्यांचे पूर्ण नाव, सिकॅमोर स्ट्रीटवरचा घरक्रमांक आणि आजची तारीख. सुरू होऊ पाहणारा युक्तिवाद त्यांनी गिळला.

"हरकत घ्यायची असेल तर दहा दिवसांत..." होलिस म्हणाला.

"मुळीच नाही," क्रेबिल म्हणाले. "तारीख जरा ठळक कराल का?"

विन्स म्हणाला की पावती फाडून टाकावी, पालिका विसरून जाते. क्रेबिलांनी ती पारदर्शक पाकिटात घातली. लाझान्याचे भांडे ट्रकवाल्याने वळून आणून दिले. दुसरे जे विकले गेले ते विन्सच्याच बायकोचे निघाले, त्याचे पुढे काय झाले ते कुंपणापलीकडून बराच वेळ ऐकू येत होते. बाकीची भांडी ओळख पटवून, शिव्या घालून, एकेक करून आपापल्या घरी गेली. क्रेबिलांनी घड्याळ पाहिले. अंगणात माणसे दोन तास दहा मिनिटे होती.

मग ते टेबल आत घेऊन आले. फडताळाची फळी रिकामी होती. चौदा महिने ती अकरा भांडी त्यांच्याकडे अपराध्याकडे पाहावे तशी पाहत होती. पण जोवर ती होती तोवर अकरा घरांतले कोणीतरी, केव्हातरी, रागाने का होईना, दार ठोठावील अशी शक्यताही होती. आता हिशेब चुकता झाला होता आणि कोणाला येण्याचे कारण उरले नव्हते. क्रेबिलांनी फळी पुसली. ती स्वच्छच होती. त्यांनी ती पुन्हा पुसली.

सोमवारी साडेतीन वाजता ते खिडकीपुढे उभे राहिले. मिसेस प्रुइट यांनी पाकिटातला कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"हा दंड आहे."

"शासकीय कागद आहे. नाव आहे, पत्ता आहे, साठ दिवसांतला आहे."

"एकोणीस वर्षं मी ह्या खिडकीत बसतेय," त्या म्हणाल्या, "कोणी इतक्या अभिमानानं दंड दाखवला नव्हता." त्यांनी शिक्का मारला, माहिती पडद्यावर भरली, आणि जन्मतारखेशी त्यांची बोटे थांबली. "थांबा थांबा. तुम्हाला पुढच्या जुलैत साठ पूर्ण होतात?"

"होतात."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? साठीनंतर काउंटीच्या रहिवाशाला फी पूर्ण माफ आहे. आत्ता शिकायला लागलात तर पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतील, दुसरं फुकट. पण पुढच्या ऑगस्टात आलात तर सगळीच पदवी फुकट! अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

क्रेबिलांनी खिशातून पिवळा कागद काढला आणि खिडकीच्या फळीवर पसरला. यात संशयाला जागा नव्हती. पदवीत काही बदल होणार नव्हता, खर्च मात्र शून्यावर येत होता; कोणा खाटकाने याउलट वागून दाखवले असते तर क्रेबिलांनी त्याच्या बुद्धीविषयी अहवाल पाठवला असता. डाव्या बाजूला त्यांनी 'अकरा महिने' असे लिहिले. त्यापुढे आकडा घालायचा होता. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकून राहिली. रांगेत मागे कोणीतरी खाकरले. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि चेकबुक काढले.

"तुम्हाला नीट कळलं ना मी काय म्हणाले ते?" मिसेस प्रुइट म्हणाल्या. "साडेचार हजार आहेत हो."

"चार हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी," क्रेबिल म्हणाले आणि चेकवर सही केली.

मिसेस प्रुइट यांनी त्यांच्याकडे पाहिले. प्रथमच, चष्म्यातून. मग वेळापत्रक छापून समोर ठेवले. "मंगळवार आणि गुरुवार. संध्याकाळी सहा ते नऊ. पुढच्या आठवड्यापासून."

क्रेबिलांनी वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचले, मग पुन्हा वाचले.

"शुक्रवारी काही नसतं का?"

"शुक्रवारी..." त्यांनी पडद्यावर शोधले. "शुक्रवारी वेल्डिंगचा वर्ग आहे. त्यात एक जागा शिल्लक दिसतेय. पण तो तुमच्या पदवीत धरला जात नाही."

"चालेल," क्रेबिल म्हणाले. "तोही लिहा."